बॅटऱ्यांसकट वजन

गाब्रोवो,
२३ फेब्रुवारी

प्रिय कामेन,

फोनवर चार वाक्यं बोललास आणि ठेवून दिलास. त्यानंतर मी फोन केला की स्ताम्का उचलते आणि मागून तुझा आवाज येतो, "सांग त्याला, मी वर मधमाश्यांच्या पेट्यांकडे गेलोय." त्या पायाने वर जायचं म्हणजे तुला वाटेत तीनदा थांबावं लागतं. तू स्वयंपाकघरात शेगडीजवळ बसून खोकतोयस हे मला इथे गाब्रोवोत ऐकू येतं. म्हणून हे पत्र. पत्र वाचणाऱ्याला बोलणाऱ्याचं तोंड मध्येच बंद करता येत नाही. तू माझ्याकडे जे मागितलंस त्याचं उत्तर यातच आहे, पण अगदी शेवटी. आधी कामाचं बोलतो. तू सवयीप्रमाणे शेवटचं पान आधी वाचायला जाशील, तर स्ताम्काला सांगून ठेवलंय, पानं एकेक करून दे.

जानेवारीत आपण डॉक्टर त्सोनेवांकडे गेलो होतो, तो दिवस तू विसरल्याचं सोंग करतोस. मला ते जमणार नाही. बाईंनी आडपडदा ठेवला नाही. डाव्या मांडीतली रक्तवाहिनी बुजत आलीय, बाजूने नवी जोडून देता येईल, आणि ती टिकली तर पाय राहील. "पण तुमची सिगारेट चालू असेल तर नवीसुद्धा बुजणार," त्या म्हणाल्या, "आणि मग तुम्ही मला पाय वाचवायला नाही, काढायला बोलवाल. मार्चच्या पहिल्या तारखेपासून एकही ओढली नाही, तर ईस्टर उलटल्यावर मी ऑपरेशन करते. ओढलीत तर माझ्याकडे येऊ नका." तू अगदी शहाण्या मुलासारखा ऐकत होतास. बाहेर पायरीवर आलास आणि पहिलं काय केलंस? खिशातून पाकीट काढलंस. वर मला म्हणालास, "चाळीस वर्षांची सोबत आहे, गेंचो. बायको सोडून गेली तरी एवढं वाईट वाटणार नाही." स्ताम्का तुझ्या शेजारीच उभी होती. ती काय म्हणाली ते तुझ्या कानावरून गेलं, मी मात्र जपून ठेवलंय: "जाते की! मग रात्री तुझा पाय चोळून द्यायला ही पाकिटंच येतील."

तेव्हा छत्री विसरली म्हणून मी परत आत गेलो होतो, आठवतं? छत्री माझ्या हातातच होती. मी बाईंना विचारून आलो की सिगारेटच्या जागी वाफेचं यंत्र दिलं तर चालेल का. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, काहीच न ओढणं सगळ्यात उत्तम, आणि तुमचा मित्र तसं करणार असेल तर हा प्रश्नच नको. पण करणार नसेल, तर आधी धूर बंद होऊ दे. निकोटीनही हळूहळू उतरवत न्या, आणि ऑपरेशनच्या आधी तेही शून्यावर आणा. मी हे शब्दशः लिहितोय. उद्या तू म्हणशील की गेंचोने स्वतःच्या मनाने डॉक्टरकी केली.

आता जुन्या यंत्राचं. दोन वर्षांपूर्वी मार्ता आजीच्या सणाला, एक मार्चला, आपण दोघांनी मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधला होता. पहिला करकोचा दिसेपर्यंत दोरा सोडायचा नाही आणि सिगारेट ओढायची नाही, असं ठरलं, आणि तिच्याऐवजी दोघांनी वाफेचं एकेक यंत्र घेतलं. मी आजवर ओढलेली नाही. तू लिंडनच्या झाडांना फुलं येईपर्यंत टिकलास, आणि मग एक दिवस यंत्र टेबलावर आपटून म्हणालास, "हे तुझ्या गाब्रोवोचं यंत्र दिसतंय, धूरसुद्धा काटकसरीने सोडतं." सगळ्या देशाने आमच्या गावाच्या चिक्कूपणावर विनोद केले, त्यात तुझा एक, ठीक आहे. पण तक्रारी तू खऱ्याखुऱ्याही केल्या होत्यास आणि त्या मी नीट ऐकल्या होत्या. विटेएवढं जड आहे, वाकलो की शर्टाचा खिसा खाली ओढला जातो. दुपारी पेट्यांजवळ असताना मान टाकतं, आणि तिथे डोंगरावर वीज कुठली? गळतं. मधमाश्या त्याच्या वासाने तोंडाशी येतात. आणि सगळ्यात मोठी तक्रार, जळकट लागतं.

पहिल्या चार तक्रारी मला मान्य होत्या. पाचवी मला कधीच पटली नाही. तसलंच यंत्र, तीच तापणारी कॉइल, तेच द्रव मीही वापरत होतो आणि मला कधी जळकट लागलं नाही. गेल्या शरद ऋतूत स्ताम्काने ते मला दिलं, म्हणाली, "फेकून तरी दे, नाहीतर सुटे भाग कर." मी फेकणाऱ्यातला नाही. टाकी खोलली. कॉइलच्या तारेवर काळा, काचेसारखा थर बसलेला होता. आतल्या कापसाचा चक्क चिक्कीचा तुकडा झाला होता. तो गरम पाण्यात टाकला आणि कपाला नाक लावलं. लिंडनचा मध, कामेन! तुझाच, वरच्या उतारावरचा. तो मी हजार वासांतून ओळखेन. द्रवाची चव सुधारावी म्हणून तू टाकीत स्वतःचा मध घातलास. मध तारेवर जळणार नाही तर काय करणार? जगात कुणाला ही बुद्धी झाली नसती. पण ज्याला वाटतं की चहापासून जखमेपर्यंत सगळ्याला त्याच्याच पेटीतला मध लागतो, त्याला झाली. आणि नाव यंत्राचं खराब! स्ताम्काला विचारलं तर ती म्हणाली, "मी पाहिलं होतं त्याला चमचा घेऊन बसलेला. मला वाटलं, लहान बाटलीत औषध करतोय." नाही म्हणू नकोस. कॉइल मी डबीत ठेवलीय.

म्हणजे यंत्राने तुला दगा दिला नव्हता. हे कळल्यावर माझा उरलेला रस्ता सरळ झाला. बाकीच्या चार तक्रारी ज्यात नाहीत असं यंत्र शोधायचं, आणि विकणाऱ्याच्या शब्दावर नाही, माझ्या हाताने तपासून.

जे मिळालंय ते दोन बॅटऱ्यांचंच आहे, पण हलक्या धातूचं आणि कडक प्लास्टिकचं. डब्यावर वजन छापलेलं होतं. मी ते माझ्या काट्यावर ठेवलं, औषधवाल्यांचे काटे मी ज्या मापांवर तपासतो त्याच मापांनी. छापलेला आकडा बरोबर निघाला, फक्त तो पोकळ यंत्राचा होता. बॅटऱ्या धरलेल्या नव्हत्या, टाकीही नाही, द्रवही नाही. याला काय वजन म्हणायचं? पेटीचं वजन मध आणि माश्या काढून सांगण्यासारखं झालं. मला काट्याचं काम कुणी शिकवलं नाही. रेल्वेच्या गोदामातला टाकून दिलेला काटा खोलून, पुन्हा जोडून, पुन्हा खोलून मी ते शिकलो, आणि त्या दिवसापासून अर्धवट वजन ऐकून घेतलेलं नाही. तेव्हा पूर्ण वजन सांगतो, दोन बॅटऱ्या आणि काठोकाठ भरलेल्या टाकीसकट: दोनशे चौदा ग्रॅम. तुझं जुनं धूड तीनशे साठच्या वर होतं. हे खिशात टाकून मी आठवडाभर कामं केली, दळणाच्या गिरणीतल्या काट्याखाली उताणा झोपलो, उठलो, वाकलो. शर्टाचा खिसा जागच्या जागी राहिला.

बॅटरीचं म्हणशील तर सकाळच्या कॉफीला चालू केलं आणि टीव्हीवरच्या रात्रीच्या बातम्यांपर्यंत पुरलं, आणि मी ओढण्यात कंजुषी केली नाही. पण इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसव. या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. त्या एकाच दिवशी घ्यायच्या, एकत्र वापरायच्या, एकत्र चार्ज करायच्या आणि एकत्रच निवृत्त करायच्या. वेपवाल्यांत याला लग्न लावणं म्हणतात. एक ताजी आणि एक दमलेली अशी जोडी लावली तर ताजी दमलेलीला फरपटत नेते, दमलेली तापते, आणि जास्त तापली तर पुढचं सांगायला यंत्र उरत नाही.

हे मला पुस्तकातून माहीत होतं. घरात मात्र सासूबाईंनी दाखवलं. एक दिवस यंत्राचं बटण दाबलं तर वाफच येईना, पडद्यावर सूचना, बॅटऱ्यांचा मेळ नाही. दुपारभर मी संपर्क घासले, स्प्रिंगा तपासल्या, आणि संध्याकाळी कळलं की मधे वीज गेली होती तेव्हा सासूबाईंनी त्यातली एक काढून आपल्या विजेरीत घातली होती, आणि नंतर खणातली भलतीच परत ठेवली. मी जाब विचारला तर म्हणाल्या, "जांभळ्या रंगाची नेली, जांभळ्याच रंगाची ठेवली. बॅटरीचं काय कूळ विचारायचं असतं?" मी म्हटलं, "आई, त्या दोघांचं लग्न लागलेलं होतं." तर म्हणाल्या, "मग त्यातला नवरा कोणता ते लिहून ठेव. पुढच्या वेळी तोच नेईन, त्याच्यावाचून काही अडत नाही." पेन्का आपल्या आईचं ऐकून हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली. मला राग आला, पण मनातून बरं वाटलं. कारण विजोड जोडी घातल्यावर या यंत्राने हट्टाने काम करायला नकार दिला. जुन्याने मुकाट्याने केलं असतं. नाही म्हणायची जागा ज्याला कळते, ते यंत्र मी मित्राच्या हातात देऊ शकतो.

तुझ्यासाठी दोन जोड्या घेतल्यात. एका जोडीवर लाल ठिपके, दुसरीवर पांढरे, प्रत्येक जोडी आपापल्या प्लास्टिकच्या डबीत. सुटी बॅटरी किल्ल्यांबरोबर खिशात टाकलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही.

गळतं का ते पाहायला मी गाडी काढून शिपकाच्या घाटात गेलो. वर चढताना हवेचा दाब उतरतो आणि अर्ध्या टाकीतली हवा फुगून द्रवाला बाहेर ढकलते, तुझा शर्ट त्यानेच डागाळला होता. या टाकीची हवेची भोकं वरच्या बाजूला आहेत. अर्धी भरून नेली, वर जाऊन आडवी ठेवली, बर्फात कॉफी पिऊन आलो. खालचा कागद कोरडा होता. उलटी धरून झटकली तेव्हा मात्र एक थेंब आला, तो लपवत नाही. टाकी वरून भरता येते आणि एका हाताने. दुसरा हात पाठीशी बांधून मी ते करून पाहिलं, कारण तुझ्या एका हातात नेहमी पोळ्याची चौकट असते. पेन्काने दारातून पाहिलं आणि विचारलं, "कुणी पकडून नेणार आहे का तुला?"

आणि माश्या. गेल्या आठवड्यात ऊन पडलं, माश्या बाहेर आल्या, तेव्हा मी आमच्या योन्कोकडे गेलो, संगीताचे मास्तर होते ते, आता गावाबाहेर पेट्या ठेवतात. चेरीच्या वासाचं द्रव भरलं, पेट्यांपासून पाच पावलांवर उभा राहिलो. पाहता पाहता दोघी मुखनळीवर येऊन बसल्या, एक कॉलरमध्ये शिरली. योन्को खिडकीतून ओरडले, "अरे, पोरींना व्यसन लावतोस काय!" मग साधं तंबाखूच्या चवीचं, गोड नसलेलं भरून तिथेच उभा राहिलो. एकीनेही ढुंकून पाहिलं नाही. तेव्हा तुझ्यासाठी तेच. बाटल्या उतरत्या जोराच्या घेतल्यात, शेवटच्या बाटलीत निकोटीन अजिबात नाही. आणि कामेन, त्यात काहीही घालायचं नाही. मध नाही, राकियाची दारू नाही, स्ताम्काचा पुदिनाही नाही.

दोषही लिहितो, नाहीतर माझ्या तपासणीला अर्थ नाही. रंगाचे टवके उडतात, महिन्याभरात कोपरा उघडा पडला. बॅटरीचं झाकण हलवलं की खुळखुळतं, आणि तुला असला आवाज सहन होत नाही, म्हणून मी आतून लोकरीच्या कापडाची पट्टी चिकटवलीय, काट्यांच्या पेटीत लावतो तीच. बटण फार हलकं आहे, खिशात आपोआप दाबलं जातं, तर पाचदा दाबून कुलूप लावायचं विसरू नकोस. किंमत विचारू नकोस. गाब्रोवोच्या माणसाने स्वतःहून दिलीय, एवढ्यावरून प्रसंग किती गंभीर आहे ते ओळख.

यंत्राचं संपलं. एक अडचण उरते, तिला यंत्राचा उपाय नाही. तुझा धुराचा भाता. तू शेणी आणि वाळकं गवत पेटवून माश्यांना धूर देतोस, आणि त्याच निखाऱ्यावर सिगारेट लावतोस. चाळीस वर्षं हात आपोआप तिकडे जातोय. त्या हाताजवळ कुणीतरी उभं राहायला हवं. स्ताम्का उभी राहिली तर तुम्ही भांडाल. म्हणून मी पेन्काला सांगितलंय आणि गिरणीवाल्यालाही, की मार्चचा बराचसा भाग मी इथे नसेन. भाता मी धरेन. मला माश्या चावतील, मला माहीत आहे. तुझ्या लग्नातही चावल्या होत्या.

आता तू मागितलंस ते. फोनवर म्हणालास, "मोठा काटा घेऊन ये. रुसेहून गिऱ्हाईक येतंय, सगळ्या पेट्या वजनावर घेतो म्हणतो, पण सरकारी शिक्क्याचा काटा हवा. एका पायाने चढावर कोण जाणार? विकून टाकतो." आणि फोन ठेवलास. पेट्या पेलणारा शिक्क्याचा काटा या भागात माझ्याकडेच आहे, हे त्या गिऱ्हाईकालाही ठाऊक आहे आणि तुलाही. मी त्या रात्री जेवलो, झोपलो, आणि सकाळी कामाच्या टेबलाशी जाऊन मोठा काटा खोलला. दांडी उतरवली, ती ज्यांवर डुलते त्या पोलादी धारा सोडवल्या, तेल लावून कापडात गुंडाळून वेगवेगळ्या खणांत ठेवल्या. जूनमध्ये लिंडन फुलून गेलं, तुझा मध उतरला, की पुन्हा जोडेन, आणि तो मध तोलायला घेऊन येईन, तू दोन पायांवर उभा राहून मापं सरकवशील. तोवर गिऱ्हाईकाला कळव की काटा नादुरुस्त आहे. यात एक अक्षर खोटं नाही, मी स्वतःच्या हाताने तो नादुरुस्त केलाय. अजून तुझे दोन पाय आहेत, कामेन. एका पायाचा हिशेब आत्ताच करणं म्हणजे बॅटऱ्या काढून वजन सांगणं, आणि तसलं वजन मी कुणाचंच मान्य करत नाही. एक मार्चला सकाळच्या बसने येतोय. खिशात दोनशे चौदा ग्रॅमचं यंत्र, आणि लाल-पांढरे दोरे दोन, एक तुझ्या मनगटाला, एक माझ्या. तुमच्या शाळेजवळच्या विजेच्या खांबावर करकोचा उतरेपर्यंत मी हलणार नाही. तो उशिरा आला तर उशिरा जाईन. स्ताम्काला सांग, बाहेरच्या खोलीतल्या खाटेवरच्या मेणाच्या पाट्या हलव.

तुझाच,
गेंचो